साडूंचा बारभाई माळ

आमच्या साडूंनी जन्मात कोणाचं वाईट केलं नाही, आणि माझा त्यांच्यावरचा सगळ्यात मोठा राग तोच आहे. माणसाने थोडं तरी वाईट वागावं, म्हणजे दुसऱ्याला मन मोकळं करून जळता येतं. इथे तेवढीही सोय नव्हती. मला बसल्या जागी, काही कारण हाती नसताना, नुसतं जळावं लागलं. आणि ते मी इतक्या इमानाने केलं की माझ्या पोटातल्या आगीवर घरचा चहा उकळून निघाला असता आणि बायकोचं सरपण वाचलं असतं.

साडू हे नातंच मुळी अवघड. भाऊ भावाशी भांडतो, कोर्टात जातो, येताना दोघं एकाच बैलगाडीतून परत येतात. साडूशी भांडायची सोय नाही, कारण तुम्ही ओटीवर शब्द काढलात की तो तुमच्या बायकोमार्फत तिच्या बहिणीकडे आणि बहिणीमार्फत त्याच्याकडे तुमच्या आधी पोचलेला असतो. त्यात आमच्या सासऱ्यांना मुलगा नाही. दोन मुली, दोन जावई. थोरली माझी, म्हणून थोरला जावई मी. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग हे गृहस्थ रेवसच्या धक्क्यावर लाँचीतून उतरले.

मुंबईला ते गवताच्या वखारीत होते. घोड्यांना लागणारं गवत पारखून घ्यायचं, एवढंच काम. देश स्वतंत्र झाला, गोरे साहेब गेले, साहेबांचे घोडे गेले आणि घोड्यांमागून आमच्या साडूंची नोकरी गेली. स्वातंत्र्याने कोणाकोणाचं काय केलं ते मोठ्या लोकांनी लिहावं; माझ्या वाट्याला एक साडू आला. लाँचीतून माणसं कापडाचे तागे आणतात, घड्याळ आणतात, निदान खारे शेंगदाणे आणतात. यांनी एक पत्र्याची ट्रंक आणली आणि उघडली तर आत वाळक्या गवताच्या जुड्या. सासूबाईंना वाटलं जावयाचं डोकं फिरलंय. सासऱ्यांना मात्र तो तिथेच आवडला.

उंच, काटकुळे, आणि तोंडात सदा एक काडी. बोलताना ती काडी ओठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, आणि समोरच्या माणसाची मान तिच्याबरोबर हलायची. कुठल्याही भाऱ्यातली काडी दाताखाली धरून ते सांगत, हे पेणकडचं आहे, हे रोह्याच्या डोंगराचं, हे उशिरा कापलंय, हे एका पावसात भिजून पुन्हा वाळवलंय. कापणाऱ्याने मधे तंबाखू खाल्ली की विडी ओढली तेही सांगत. हे शेवटचं मी जरा वाढवलं असेल, पण मला ते तसंच ऐकवण्यात आलेलं आहे, सासऱ्यांच्या तोंडून, माझ्यासमोर, माझ्या ताटात वरण वाढत असताना.

आता माळाविषयी सांगायला हवं, कारण सगळी आग तिथली.

देशावरच्या पाहुण्यांना वाटतं कोकण म्हणजे बारा महिने चिखल. त्यांना मी वैशाखात आमच्या माळावर नेऊन उभं करतो. खाली तांबडा कातळ, त्यावर कुठे वीतभर माती, कुठे चार बोटं, कुठे तीही शेजाऱ्याकडून वाऱ्याने आणलेली. चार महिने पाऊस असा कोसळतो की बेडूकसुद्धा छपराखाली येऊन बसतात. पण कातळावर पाणी ठरत नाही, ते धावत धरमतरची खाडी गाठतं. मग आठ महिने ठणठणाट. वैशाखात सरडा तिथे एका पायावर उभा राहतो आणि बाकीचे तीन फुंकून गार करतो. अशा जमिनीला आमच्याकडे वरकस म्हणतात. भात पिकतं खाली खाचरांत; पण भाताच्या पेंढ्यावर गुरं किती दिवस निघणार? पाऊस येईपर्यंत ती जगतात या वरकशीच्या गवतावर. गवत संपलं की गुरं संपली, आणि गुरं संपली की नांगर कोणी ओढायचा, जावयांनी?

सासऱ्यांनी हा माळ आमच्या दोघांत मधून दगडांचा गडगा घालून वाटला. पण वाटताना एक पाचर मारली. म्हणाले, "दोन तुकड्यांचा माळ गुरांच्या कामाचा न्हाय. आता अर्धी गुरं थोरल्याच्या गवतावर, अर्धी धाकट्याच्या. माझं डोळं मिटायच्या आदी ज्याचं गवत मला धीर देईल, त्याच्या नावावर अख्खा माळ."

मी मनात म्हटलं, संपलं. हा मुंबईचा काडीखाऊ, याला कोयता धरता येतो की नाही कोण जाणे.

मी माळ साफ करायला घेतला. आमच्याकडे करड म्हणून गवत होतं. चांगल्या पावसाला माणूस बुडेल एवढं वाढतं, कापायला सोपं, भारा भरतो झटपट. मी ठरवलं, माझ्या माळात करड राहील आणि बाकी सगळे जातील. करवंदाच्या जाळ्या खणल्या, टाकळा उपटला, रानमूग ओढून काढला. होळीच्या सुमारास आमच्याकडे माळ पेटवायची रीतच आहे. राख झाली की नवं गवत जोमाने येतं असं सगळे म्हणतात. मी दरसाल असा पेटवला की उरणच्या मिठागरातले लोक उठून बघायला लागले. पुढच्या श्रावणात माझा करड उभा राहिला तो एका उंचीचा, एका रंगाचा. वारा आला की पलटणीसारखा एकदम वाकायचा. मला वाटायचं मला सलाम करतोय.

आणि पलीकडे काय? पलीकडे हे गृहस्थ टोपली घेऊन माझ्या बांधावर. मी उपटून टाकलेलं तण गोळा करायला. मी फेकलेला रानमूग यांनी नेऊन लावला, मी काढलेलं शेडा गवत यांनी नेलं, करवंदाची खोडं नेली. माझा केर त्यांच्या दारात जाऊन प्रतिष्ठित झाला. होळी आली की ते गडग्याच्या कडेने पट्टाभर जागा तासून काढत, पाण्याची घागर घेऊन बसत आणि माझी ठिणगी आत येऊ देत नसत. सासरे सहज म्हणाले, थोरल्यांचा माळ न्हाव्याने हजामत केल्यासारखा दिसतो, आन धाकट्यांचा गोसाव्याच्या जटेसारखा. मी खूश झालो. नंतर आठवलं, म्हातारा गोसाव्यांच्या पाया पडतो.

साडूंच्या माळाला गावाने बारभाई नाव ठेवलं. त्यांना ते फार आवडलं. कोणी गेलं की ते एकेका गवताशी ओळख करून देत, जशी लग्नात व्याही-व्याहींची करून देतात. हा शेडा, यांचं सगळं घाईचं, पाऊस लवकर आला तर यांचा संसार आधी उभा. ही मारवेल, गुरं हिच्यासाठी एकमेकांना शिंगं मारतात. हा रानमूग, मोकळी जागा दिसली की पसरणार, मातीला सुपीक करणार, वर स्वतःसाठी काही मागणार नाही. हे पवन्या, देशावरचे, घरजावई म्हणून राहिलेत. तहान यांना माहीतच नाही. माझ्याकडे वळून एकदा म्हणाले, "साडूभाऊ, पावसाचा स्वभाव एक न्हाय. मग गवताचा एकच का ठेवायचा?"

मी म्हटलं, बायकोचा पण एक नसतो, म्हणून कोणी चार करत नाही. ते हसले. मनापासून हसले, आणि घरी जाऊन ते वाक्य मेव्हणीला सांगितलं. मेव्हणीने ते माझ्या बायकोला सांगितलं. पुढचा आठवडा मला जेवण कोरडं मिळालं.

देशावरचा पवन्या इथे कसा आला, ती वेगळीच गोष्ट. दरसाल भात कापून झालं की घाटावरून धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात. गावात त्यांची केवढी ओढाताण. आपापल्या खाचरात मेंढरं बसवायला लोक तांदूळ देतात, कोंबडी देतात, कारण मेंढराच्या लेंडीसारखं खत नाही. साडूंच्या वाट्याला मेंढरं आली तेव्हा त्यांनी धनगराला जेवू घातलं, हात जोडले आणि सांगितलं, मेंढरं खाचरात नको, वर कातळावर बसव. धनगर म्हणे घाबरला. त्याला वाटलं या माणसाला काही बाधा आहे. पण साडूंचा हिशेब सरळ होता: मेंढरं कोरड्या मुलखातून आलीत, त्यांच्या पोटात आणि लोकरीत कोरड्या मुलखाचं बी आहे, असलं बी पैसे देऊन मिळत नाही. त्या साली त्यांच्या खाचराला खत मिळालं नाही आणि पुढच्या साली त्यांचं भात माझ्यापेक्षा हलकं झालं. तो माझ्या आयुष्यातला एक सुंदर मार्गशीर्ष होता.

आणि कुसळं. सासऱ्यांच्या नात्यात एक लग्न होतं. पाहुणे चार गावांवरून रानवाटेने चालत आलेले, धोतरांचे सोगे कुसळांनी भरलेले. मांडवाच्या तोंडाशी माणसं अत्तर लावायला उभी असतात. तिथे आमचे साडू जमिनीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या धोतराची कुसळं बियाण्यासाठी वेचून ओंजळीत घेऊ लागले. प्रत्येकाला विचारायचे, कुठल्या वाटेने आलात, डोंगराच्या या अंगाने की त्या. पाहुण्यांना वाटलं ही आमच्या घराण्याची मान द्यायची रीत. एक म्हातारे व्याही तर खुर्चीवर बसले आणि पाय पुढे करून म्हणाले, सावकाश होऊ द्या. पुढच्या साली शेजारच्या गावच्या लग्नात वराकडची मंडळी रुसून बसली की आमची कुसळं कोणी वेचली नाहीत. शेवटी मुलीच्या काकाला खाली बसावं लागलं तेव्हा अक्षता पडल्या. माणसाने वेडेपणा करावा तो असा, की त्याची रूढी व्हावी. मी एवढा शहाणा, माझं एक तरी काही कोणी उचललं का?

मग आलं माझं साल. पाऊस वेळेवर आला, वेळेवर थांबला, मधे जेवढा हवा तेवढा पडला. माझा करड असा वाढला की कापणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारून शोधत होत्या. दसऱ्यानंतर माझी गवताची गंजी उभी राहिली ती इतकी उंच की तिच्या शेंड्यावर घार बसली आणि तिला वाटलं आपण अजून उडतोय. रेवसच्या लाँचीचा तांडेल म्हणे किनारा ओळखायला तीच धरायचा. शेजारी साडूंची गंजी: ठेंगणी, पांढरी, तांबूस, हिरवट, एखाद्या गोधडीची गुंडाळी करून ठेवल्यासारखी. मी सासऱ्यांना मुद्दाम दोन्ही गंज्यांच्या मधे उभं केलं.

त्यांनी मान वर करून शेंडा बघितला. मग म्हणाले, "बरं हाय."

एवढंच? मी म्हटलं, मामा, आता काय बघायचं राहिलं?

"एका पावसावर जावय पारखायचा न्हाय," असं म्हणून ते साडूंच्या गंजीपाशी गेले आणि तिच्यातून एक काडी ओढून तोंडात धरली. म्हातारा काडी चघळायला लागला होता. माझी घार उडून गेली.

पुढच्या साली आभाळाने मला खाल्लं. सुरुवात जोरात झाली, लोक भातलावणी करून हसतखेळत घरी आले, आणि श्रावण लागता लागता पाऊस जो गेला तो गेलाच. ऊन असं पडलं की कातळाला भेगा गेल्या आणि भेगांनाही घाम आला नाही. माझा करड तेव्हा गुडघ्याएवढा. एकाच वयाचा, एकाच भुकेचा, सगळ्यांची मुळं त्याच चार बोटं मातीत. त्यातून दरवर्षी जाळून जाळून वरची माती पावसाने आधीच खाडीत नेलेली. आठवड्याभरात सगळा पिवळा पडला. वाकायचा एकदम तसा मेलाही एकदम, पलटणीसारखा. जो थोडा हिरवा होता त्यावर नाकतोडे उतरले. त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पक्वान्न वाढलेलं होतं, कोणी उठतच नव्हतं.

गडग्याला एके ठिकाणी दोन दगडांत फट होती. मी रोज तिथे डोळा लावून पलीकडे बघायला जायचो. मला बघायचं होतं की त्यांचंही मेलंय. त्यांचाही शेडा मेला होता, घाईवाला, आधीच पिकून झडला होता. मारवेल थकली होती. पण शेडा गेला त्या मोकळ्या जागेत रानमूग पसरला होता, करवंदाच्या सावलीत गवत ओलसर होतं, नाकतोड्यांना मधे मधे कडू टाकळा लागत होता म्हणून ते कंटाळून माझ्याकडे येत होते, आणि तो देशावरचा घरजावई पवन्या कातळाच्या भेगांत मुळं सोडून असा उभा होता, जणू ह्याच्या गावाला हाच पावसाळा असतो. सगळं मिळून फार नव्हतं. पण होतं. एक खाली बसला की दुसरा उभा राहत होता.

एक दिवस मी फटीला डोळा लावला आणि पलीकडे दुसरा डोळा दिसला. साडू माझ्याकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या करडाकडे. त्यांनी हसायला हवं होतं. निदान मिशीतल्या मिशीत. तर त्यांचा डोळा भरलेला, घरातलं कोणी आजारी असावं तसा. शत्रूने आपल्यासाठी रडावं यापेक्षा मोठा अपमान माझ्या ऐकिवात नाही.

माझी गंजी त्या साली जेमतेम माझ्या छातीला लागली. फाल्गुनात संपली; आदल्या सालची शिल्लक मी ऐटीत विकून बसलो होतो. चैत्रात माझ्या वाटणीच्या गुरांच्या बरगड्यांवर कावळे शिडीवर चढावे तसे चढू लागले. साडूंनी निरोप पाठवला की इकडून न्या. मी कळवलं की गरज नाही, माझी गुरं जरा अंग कमी करताहेत. माझ्याकडे चांदी म्हणून एक गाय होती, मी हाताने तांदळाची पेज पाजून वाढवलेली. तिने एका सकाळी गडग्यावर पुढचे पाय टेकले, दोन दगड पाडले आणि पलीकडे उडी मारून साडूंच्या गंजीत तोंड खुपसलं. मी हाक मारली. तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. बायकोला मी सांगितलं, तिला ओढून आण, आपला काही मान आहे. बायकोने पदर खोचला आणि गडग्याचे आणखी दगड काढायला लागली. गुरांना जायला वाट होईपर्यंत काढत राहिली.

"तुमचा मान गुरं खात न्हाईत," ती म्हणाली. पाठमोरीच.

वैशाखात सासरे माळावर आले. फुटलेल्या गडग्यावर बसले. आम्ही दोन जावई दोन बाजूंना, दोघी बहिणी मधे. गुरं सगळी साडूंच्या बाजूला, माझी आणि त्यांची मिसळलेली, जिवंत. खाली खाचरं तडकलेली दिसत होती. म्हाताऱ्याला जास्त बोलायची सवय नव्हती.

"माझं बघून झालं," ते म्हणाले. "माळ धाकट्याच्या नावावर."

पंधरा वर्षं राबलेली जमीन, माझ्या हाताने वेचलेला एकेक दगड, सगळं त्या फुटक्या गडग्यातून पलीकडे चाललं होतं, गाईच्या मागोमाग. बायको जमिनीकडे बघत होती.

तेवढ्यात साडूंनी तोंडातली काडी काढली. ती काडी मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाबाहेर बघितली.

"मामा, अख्खा नको."

सासऱ्यांनी विचारलं, का.

"पलीकडचा करड मला लागंल. पाऊस बरा आला तर करडाएवढं गवत माझ्या बारभाईत कोण देत न्हाय. माझी सगळी मिळून सावरतात, पण गंजी उंच होत न्हाय. उंच गंजीच्या सालात वाईट सालासाठी शिल्लक पडते. ती मी कुठनं आणू?"

"मग तूच लाव की करड."

"मला जमायचं न्हाय. एकच एक गवत मला बघवतच न्हाय, मी त्यात काय ना काय लावून ठेवीन. साडूभाऊंना जमतं. त्यांना दुसरं काय सोसतच न्हाय. तो तुकडा त्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या. फकस्त जाळू नका म्हणावं."

म्हातारा हसला. दात नसलेलं तोंड उघडून, पोट हलवून हसला, आणि म्हणाला बरं हाय. दोघी बहिणी हसल्या. माळ राहिला दोघांकडे. गडग्याचे दगड परत कोणी चढवले नाहीत.

मला माझी जमीन मिळाली, आणि घरी येऊन मी ओटीवर पडून राहिलो. कारण हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं होतं की माझ्यावर कोणी उपकार केलेले नाहीत. माझी दया कोणाला आली नव्हती. त्यांनी शेडा ठेवला, पवन्या ठेवला, रानमूग ठेवला, तसाच मलाही ठेवला. बऱ्या पावसाचं एक गवत म्हणून. माझा हट्ट, माझी जळफळ, माझी न्हाव्याची शिस्त, सगळं त्यांनी आधीच आपल्या बारभाईत धरलेलं होतं.

त्या साली मृगाच्या तोंडाला सगळा गाव मारुतीच्या देवळात नारळ फोडायला जमला. पाऊस बरा होऊ दे, असं प्रत्येक जण म्हणत होता. मीही हात जोडले. पाऊस बरा झाला तर माझा करड वाढणार, आणि साडूंची शिल्लक होणार. पाऊस बुडाला तर त्यांचा बारभाई तगणार, आणि माझी गुरं त्यांच्या दारात जाणार. काय मागावं ते मला सुचेना. पुजारी अंगारा घेऊन पुढ्यात उभा राहिला, मागे रांग खोळंबली, आणि मी तसाच हात जोडून उभा.